‘शेतकऱ्यांना’ हा शब्द संगणकाला कोणी शिकवला?

जालन्याच्या एमआयडीसीतून दर हंगामापूर्वी बियाण्यांच्या पिशव्या बाहेर पडतात. महिकोची स्थापना १९६४ मध्ये जालन्यात झाली आणि तेव्हापासून बियाणे हा या शहराचा धंदा होऊन बसला. पिशवीवर, सोबतच्या माहितीपत्रकावर किंवा गोदामाच्या पावतीवर एक शब्द कुठे ना कुठे येतोच : शेतकऱ्यांना. आजचा धागा त्या शब्दातील एका अर्ध्या अक्षराविषयी आहे.

माझे मत आरंभीच मांडतो. हे अक्षर पडद्यावर नीट उमटावे म्हणून कच्च्या, अपुऱ्या, मधूनच कोसळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम चालवून त्यांतील दोष शोधणाऱ्यांची जी परंपरा आहे, ती मराठीच्या लेखनेतिहासाचा भाग मानली पाहिजे. निर्णयसागरच्या खिळ्यांचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. युनिक्सच्या वंशातील प्रणालींच्या प्रायोगिक आवृत्त्यांचा इतिहास मात्र ‘तो इंग्रजी लोकांचा, तांत्रिक विषय’ म्हणून सोडून देतो. ही आपली चूक आहे आणि तिची किंमत आपली भाषा मोजते.

प्रथम अक्षर पाहू. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मोठ्याने वाचा. पहिल्यात गुरूंना नमस्कार आहे, दुसऱ्यात स्वयंपाक्यांना निरोप आहे. पहिल्या शब्दातील र् पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर येतो. दुसऱ्यात तो य च्या डाव्या अंगाला आडवा, चंद्रकोरीसारखा चिकटतो आणि आघात येत नाही. दर्यासारंगाचा दर्या निराळा, सह्याद्रीच्या दऱ्या निराळ्या. इतिहासप्रेमींना तर हा भेद जिव्हाळ्याचा असायला हवा. जावळी शिवरायांनी मोऱ्यांकडून घेतली. ‘मोर्यांकडून’ असे उमटले, तर वाचणारा क्षणभर पाटलीपुत्राला जाऊन येतो. स्वाऱ्या, वऱ्हाड, कऱ्हा, कुऱ्हाड : या अर्ध्या र शिवाय मराठ्यांच्या इतिहासाचे एक पानही धड छापता येणार नाही.

आता हे अक्षर संगणकात कुठे ठेवले आहे ते पाहा, कारण गुंता तिथेच आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक होते. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्या तक्त्यात ०९३१ या क्रमांकावर ‘ऱ’ आहे, म्हणजे नुक्ता असलेला र. तक्त्यातील टीप सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतील एका विशिष्ट र च्या लिप्यंतरासाठी आहे, आणि त्याचे अर्धे रूप पापणीसारख्या र ने दाखवावे. म्हणजे ज्या खुणेवाचून मराठीत शेतकऱ्याचे अनेकवचन होत नाही, ती खूण दाक्षिणात्य पाहुण्याच्या खोलीत राहते.

इतकेच असते तरी चालले असते. पण १९९६ च्या युनिकोड २.० मध्ये हेच रूप मिळवण्याचा मार्ग वेगळा होता : साधा र, त्यापुढे हलंत, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पुढे इस्कीशी मेळ राखण्यासाठी ०९३१ हा मार्ग मुख्य मानला गेला आणि जुना मार्ग केवळ सुसंगतीसाठी राहू दिला गेला. परिणाम असा की ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आज दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात ११ संकेत लागतात, दुसऱ्यात १२. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या नियमांनुसारही त्यांना समान मानले जात नाही. एखाद्या यादीत ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका पद्धतीने टंकले असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टंकले, तर यंत्र निर्विकारपणे सांगते : असे कोणी नाही.

या दोषाचा उगम अमुक एका माणसाच्या निष्काळजीपणात नाही. तो निर्णयांच्या थरांत आहे, आणि असे थर उकलायला इतिहासाचीच रीत लागते. म्हणून आता युनिक्सकडे वळू.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सला आरंभ केला. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली तिची पहिली छापील नियमपुस्तिका उपलब्ध आहे. त्या पुस्तिकेत प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान आहे : नाव, वापरण्याची रीत, वर्णन आणि शेवटच्या भागात एक मथळा, ‘बग्ज’. या आज्ञेत आम्हाला ठाऊक असलेला दोष कोणता, हे करणाऱ्यांनीच तिथे छापून ठेवले. आपल्या वस्तूची उणीव आपणच, आपल्याच पुस्तिकेत, कायमस्वरूपी नोंदवायची ही रीत त्या काळच्या व्यापारी जगात दुर्मीळ होती. माझ्या मते युनिक्सच्या सर्व कल्पनांमध्ये ही सर्वांत दूरगामी ठरली. तिची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

(‘बग’ हा शब्द १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात पतंग सापडला तेव्हापासूनचा, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती अर्धीच खरी आहे. पतंग सापडला, नोंदवहीत चिकटवला गेला. पण नोंदीचा सूर असा आहे की शब्द आधीपासून रूढ होता आणि या वेळी खराखुरा किडा सापडला म्हणून गंमत वाटली. एडिसनने १८७८ च्या पत्रव्यवहारात यंत्रातील अडचणींसाठी हा शब्द वापरला आहे.)

युनिक्सचा प्रसार ज्या परिस्थितीत झाला तीही ध्यानात घ्या. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टी या कंपनीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. विद्यापीठांना युनिक्स मिळे, पण दुरुस्तीची हमी मिळत नसे. मग वापरणारेच एकमेकांना दुरुस्त्या कळवू लागले. यातली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. सहावी आवृत्ती १९७५ मध्ये बाहेर गेल्यावर थॉम्पसनने सुमारे पन्नास सुधारणांची यादी तयार केली. कंपनीच्या वकिलांना ती बाहेर जाणे पसंत नव्हते. युसनिक्स या वापरकर्त्यांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष लू कॅट्झ यांना, सांगतात की, एक फोन आला : माउंटन अव्हेन्यूवरून अमुक वेळी चालत गेलात तर रस्त्याच्या कडेला काहीतरी पडलेले दिसेल. तिथे चुंबकीय फितीचा डबा होता. बातमीदाराने थैली वाटेत टाकून जावी, तसा हा व्यवहार.

त्याच हकिकतीच्या ओघात थॉम्पसनने एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. बाहेरचे जग पाचवी, सहावी, सातवी अशा आवृत्त्यांवर जगत होते. प्रयोगशाळेच्या आत मात्र आवृत्ती नावाची वस्तूच नव्हती, सगळा अखंड प्रवाह होता. आवृत्ती म्हणजे त्या प्रवाहाचे एका दिवशी घेतलेले छायाचित्र.

‘प्रायोगिक आवृत्ती’ या शब्दाचा अर्थ इथे कळतो. ती वाईट आवृत्ती नव्हे. ती प्रवाहाच्या पात्रात उभे राहणे आहे. पुढील सर्व वंशजांनी हे पात्र उघडे ठेवले. फ्रीबीएसडीमध्ये त्याला ‘करंट’ म्हणतात. डेबियनमध्ये ‘सिड’ म्हणतात, आणि हे नाव ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या पोराचे आहे. फेडोरात ते ‘रॉहाइड’ आहे, म्हणजे न कमावलेले कातडे. लिनक्सच्या गाभ्यात दीर्घकाळ सम आकड्याची आवृत्ती स्थिर आणि विषम आकड्याची प्रायोगिक असा संकेत होता, २.५ वर घासाघीस झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ आली. आता तो संकेत गेला. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिच्याआधी सात-आठ उमेदवार आवृत्त्या लोकांपुढे तपासणीसाठी ठेवल्या जातात.

जालन्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. एमआयडीसीतील लोखंडाच्या भट्टीत स्क्रॅप वितळले की ओतण्यापूर्वी पळीने थोडा रस काढून नमुना पाडतात. तो प्रयोगशाळेत जातो. कार्बन, गंधक, फॉस्फरस यांचे प्रमाण पाहिले जाते. कमीजास्त असेल तर भट्टीतच दुरुस्ती होते. रस एकदा साच्यात गेला, बिलेट झाली, तिची सळई झाली, की मग तक्रार करता येते, दुरुस्ती नाही. प्रायोगिक आवृत्ती म्हणजे अजून भट्टीत असलेला रस. मराठी माणूस मात्र बहुधा सळई विकत घेतल्यावर बोलतो, आणि तेही शेजाऱ्यापाशी.

आता ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पडद्यावर चुकीचा उमटला आहे असे धरू. दोष कुठे आहे? येथे पाच ठिकाणे संशयित असतात. कीबोर्डची मांडणी : इनस्क्रिप्टमध्ये जे ही कळ शिफ्टसह दाबली की ऱ येतो, मांडणीत तो नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. मग ज्या प्रोग्राममध्ये आपण लिहितो तो. मग अक्षरजुळणी करणारा भाग, जो संकेतांची रांग घेऊन कोणते अक्षररूप कुठे बसवायचे ते ठरवतो. मग फॉन्ट; त्यात अर्ध्या ऱ चे रूपच नसेल तर बिचारा जुळारी हलंताचा पाय दाखवून मोकळा होतो. आणि शेवटी पडद्यावर रंगवणारा भाग.

जुन्या काळच्या डीटीपी फॉन्टांत ही भानगड नव्हती, असे एमआयडीसीतील कोणताही अनुभवी टंकलेखक तुम्हाला सांगेल, आणि ते खरेच आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत हा अर्धा र म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले एक चित्र होते. कळ दाबली, चित्र आले. पण ते मराठी मजकूर नव्हते, मराठीसारखे दिसणारे चित्र होते. फॉन्ट बदलला की त्याच ओळीचा कचरा होई. छापील पिशवीसाठी ते पुरेसे होते. शोधता यावे, क्रमाने लावता यावे, पन्नास वर्षांनी वाचता यावे यासाठी पुरेसे नव्हते.

लिनक्सच्या जगात या शतकाच्या आरंभी अडचण निराळी होती. अक्षरजुळणी करणारे भागच अनेक होते. ग्नोमसाठी पॅंगो, केडीईच्या खाली क्यूटी, ओपनऑफिससाठी आयसीयू. प्रत्येकाचे भारतीय लिप्यांचे नियम स्वतंत्रपणे लिहिलेले किंवा एकमेकांकडून घेऊन पुढे बदललेले. त्यामुळे एकाच संगणकावर, एकाच फॉन्टमध्ये, एकच शब्द तीन प्रोग्राममध्ये तीन तऱ्हांनी दिसण्याची सोय झाली होती. एका ठिकाणी दोष कळवला आणि तो दुरुस्त झाला, तरी उरलेल्या दोन ठिकाणी तसाच राहायचा.

फॉन्टच्या बाजूने २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. (लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या लाल टोपीवरचा हा संस्कृत कोटी करणारा कोण, त्याला माझा नमस्कार.) फॉन्ट खुला झाल्याचा खरा लाभ देखणेपणात नव्हता. देखणे फॉन्ट आधीही होते. लाभ हा की जोडाक्षर चुकले तर फॉन्टच्या पोटात हात घालता येत होता, नियम कोणता आणि तो का चालला नाही हे पाहता येत होते, आणि दुरुस्ती पुढच्या फेडोराच्या कच्च्या आवृत्तीत पाठवता येत होती. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी आणि अनेक स्वयंसेवकांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्यावर कोणी गौरवग्रंथ काढणार नाही.

पुढे बेहदाद इस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन अभियंत्याने हार्फबझ हा एकच जुळारी सर्वांसाठी नव्याने लिहिला. नाव फारसी आहे. अर्थ साधारण ‘खुले अक्षर’. मराठीत आपण हरफ म्हणतो तोच हा हर्फ. २०१२ च्या सुमारास भारतीय लिप्यांचे काम चालू असताना त्याने एक रीत वापरली, जी मला मुद्रितशोधनाचा विराट अवतार वाटते. देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द घेतले, प्रत्येक शब्द आपल्या जुळाऱ्याकडून आणि विंडोजच्या जुळाऱ्याकडून जुळवून घेतला, आणि जिथे दोघांत फरक पडला ते शब्द वेगळे काढले. मग एकेक नियम सुधारत न जुळणाऱ्या शब्दांची संख्या शंभराच्या आत आणली. प्रत्येक सुधारणेच्या नोंदीत त्याने उरलेल्या अपयशांचा आकडा लिहून ठेवला आहे. १९७१ च्या पुस्तिकेतील ‘बग्ज’ हा मथळा इथे पुन्हा दिसतो. आज अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस या सर्वांत हाच जुळारी आहे. तुम्ही हा धागा लिनक्सवर किंवा अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर वरचा प्रत्येक अर्धा र बहुधा त्यानेच जुळवला आहे.

दोष शोधण्याची रीतही पाहण्याजोगी आहे, कारण ती इतिहासकाराच्या साधनचिकित्सेची सख्खी बहीण आहे. प्रथम एकच गोष्ट बदलायची. फॉन्ट बदलून शब्द नीट दिसला, तर फॉन्ट दोषी. फॉन्ट तोच ठेवून दुसऱ्या प्रोग्राममध्ये नीट दिसला, तर प्रोग्राम दोषी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर पुरावा वाया गेला. मग विचारायचे, काल नीट होते का? काल नीट आणि आज बिघडले असेल, तर दोन दिवसांच्या मधल्या बदलांपैकी एक अपराधी आहे. गिट या साधनात त्यासाठी निम्मे-निम्मे करीत जाण्याची आज्ञा आहे. मधोमधचा बदल घ्या, तपासा. बिघडलेले असेल तर आधीचा अर्धा भाग, नसेल तर नंतरचा. चार हजार बदलांतून अपराधी शोधायला बारा चाचण्या पुरतात. एखाद्या बखरीत अमुक मजकूर कोणत्या नकलेपासून घुसला, हे ठरवताना संशोधक वेगळे काय करतात?

आता फाइलच्या नावाचा एक दोष, कारण त्यात युनिक्सचा जुना निर्णय आणि आपले अक्षर समोरासमोर येतात. युनिक्समध्ये फाइलचे नाव म्हणजे नुसती बाइटांची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोन सोडून काहीही चालते. अर्थाशी गाभ्याला कर्तव्य नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ ची रचना मांडली. तिच्यात ते दोन वर्ज्य बाइट कोणत्याही परदेशी अक्षराच्या पोटात येणार नाहीत अशी काळजी घेतलेली आहे. म्हणूनच मराठीचा विचारही न करता लिहिलेल्या प्रणालीत मराठी नावाची फाइल विनासायास ठेवता येते. देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. ‘शेतकऱ्यांना’ ३३ बाइटांचा. लिनक्सवर नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट, म्हणजे देवनागरीचे ८५ संकेत. सरकारी परिपत्रकाचा संपूर्ण विषय फाइलच्या नावात लिहिण्याची सवय असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण ऱ ची खोडी इथेही आहे. युनिकोडनुसार ऱ चे विघटन र आणि नुक्ता असे होते. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइलप्रणालीत नावे विघटित करूनच ठेवली जात; लिनक्स जसे दिले तसे ठेवतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ ही फाइल मॅकवर जाऊन परत आली, की लिनक्सवर त्याच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, रामायणातल्या वाली-सुग्रीवासारख्या. गिटमध्ये या प्रकारावर उपाय २०१२ मध्ये आला. तो युरोपातील स्वरचिन्हांच्या तक्रारींमुळे आला, आणि आपल्या ऱ ला त्याचा आयता लाभ झाला. जर्मन वापरकर्ते बोलले म्हणून आपली यादी वाचली.

दोष उशिरा सापडला तर काय होते, याचे उदाहरण फेब्रुवारी २०१८ चे आहे. आयफोनची प्रणाली डार्विनवर, म्हणजे बीएसडीच्या वंशावर उभी आहे. एक तेलुगू अक्षरसमूह संदेशात आला की प्रोग्राम कोसळत होते, आणि सूचनेच्या पट्टीत आला तर फोनच हँग होत असे. जगभर त्याची थट्टा झाली. पुढील विश्लेषणात दिसले की दोष तेलुगूपुरता नव्हता. बंगाली आणि देवनागरीतील काही रचनांनाही तो लागू होता, आणि देवनागरीत अपराधी जोडीमध्ये पुन्हा र होता. १९ फेब्रुवारीला दुरुस्ती आली. यातील बोचणारी गोष्ट अशी की येऊ घातलेल्या ११.३ च्या चाचणी आवृत्तीत तो दोष आधीच गेलेला होता. भट्टीत दुरुस्ती झाली होती. बाजारात मात्र जुनीच सळई होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वजनदार आहे. जालन्यातील एखाद्या मुलाने आपला वेळ, वीज आणि जुना लॅपटॉप खर्चून परदेशी कंपन्यांच्या प्रणाली फुकट का तपासाव्यात? हे वेठबिगारीचे नवे रूप नव्हे काय? बंद प्रणालींच्या बाबतीत मी हा आक्षेप जवळजवळ पूर्ण मान्य करतो. तिथे तुमची तक्रार विहिरीत टाकलेल्या चिठ्ठीसारखी जाते. ती कोणी वाचली, काय ठरले, काही कळत नाही. खुल्या प्रणालीत मात्र तक्रार सार्वजनिक राहते, दुरुस्ती सर्वांची होते, आणि कंपनी उद्या बुडाली तरी फॉन्ट बुडत नाही. तरीही श्रमाचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मुलांच्या भाषाप्रेमाला आवाहन करणे हे नव्हे. महाराष्ट्र शासनाने आणि विद्यापीठांनी या कामासाठी पगारी माणसे नेमावीत. फेडोरा, डेबियन, फ्रीबीएसडी यांच्या प्रत्येक कच्च्या आवृत्तीवर मराठी तपासणारे दोन-तीन जण नेमण्याचा खर्च एका मध्यम साहित्य संमेलनाच्या मांडवापेक्षा कमी येईल असे मला वाटते.

निर्णय कागदावर करणे आपल्याला जमते. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला ठरली, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे ठरली. ‘ॲ’ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आले होतेच. पण ठरलेले वळण पडद्यावर दिसण्यासाठी फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळा नियम हवा, प्रोग्रामने ‘हा मजकूर मराठी आहे’ असे जुळाऱ्याला सांगायला हवे, आणि जुळाऱ्याने ते ऐकायला हवे. या साखळीतील एक कडी निसटली की मराठी मजकूर हिंदी वळणात उमटतो. शासन निर्णय काढून ही कडी बसत नाही. कोणीतरी ती तुटलेली पाहून, वेळेत, योग्य ठिकाणी सांगावे लागते.

इतिहासप्रेमी तरुणांना मी हे का सांगतो आहे? कारण या क्षेत्राचे दप्तर आश्चर्य वाटावे इतके शाबूत आणि उघडे आहे. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ २२ खंडांत आणली, त्यासाठी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळून कागद मिळवले. इथे माळ्यावर चढावे लागत नाही. १९७० च्या दशकापासूनच्या युनिक्सच्या आज्ञावलीचा क्रमवार इतिहास गिटमध्ये लावून ठेवलेला आहे. लिनक्सच्या गाभ्यातील एप्रिल २००५ पासूनचा प्रत्येक बदल तारीख, कर्ता आणि कारण यांसह वाचता येतो. दोषांच्या नोंदींत वाद आहेत, रुसवे आहेत, ‘हे आमच्याकडे घडत नाही’ म्हणून मिटवलेल्या आणि तीन वर्षांनी पुन्हा उघडलेल्या तक्रारी आहेत. हे अव्वल दर्जाचे समकालीन साधन आहे, आणि त्यातील मराठीविषयक भाग कोणी मराठीत सलग मांडल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. एखाद्या प्रबंधाला पुरेल इतका तो ऐवज आहे.

ज्यांना प्रबंध नको, नुसते करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी : फेडोरा रॉहाइड किंवा डेबियन सिड आभासी यंत्रात बसवा, कामाच्या संगणकावर थेट नको. संपादकात हे शब्द टंका : शेतकऱ्यांना, मोऱ्यांची, स्वाऱ्या, वऱ्हाड, आचार्य, दर्या, ॲसिड, लशी. तेच शब्द फाइलच्या नावात घाला, शोधून पाहा, दुसऱ्या यंत्रावर नेऊन परत आणा. काही चुकले तर तक्रारीत प्रणालीची आवृत्ती, फॉन्टचे नाव व आवृत्ती, तुम्ही टंकलेले संकेत क्रमांकांसह, जे दिसायला हवे ते आणि जे दिसले ते, दोन्हींची चित्रे, आणि यापूर्वी कोणत्या आवृत्तीत ते नीट दिसत होते, एवढे लिहा. ‘मराठी नीट दिसत नाही’ या एका वाक्यावर जगातला कोणताही अभियंता काही करू शकत नाही. ऱ कोणत्या पद्धतीने टंकला, ०९३१ ने की जोडचिन्हाने, हे मात्र विसरू नका. पहिला प्रश्न तोच येतो.